काजताईचा जावई

त्या दिवशी सकाळी सव्वासातला काजताई जमिनीवर पोटावर आडवी झाली होती. एक हात कपाटाखाली, चष्मा कपाळावर चढवलेला, आणि औषध भरलेली बिनसुईची सिरिंज दातात धरलेली. आत कोपऱ्यात ससा. बाहेर धाकटी, तिची बहीण, गणवेश घालून, डबा भरून कामावर निघालेली. आणि चहाचा पत्ता नाही.

“दूध उतू गेलं,” धाकटी म्हणाली.

“मग पूस की,” कपाटाखालनं आवाज आला. दातात सिरिंज, त्यामुळे अर्धं कळलं, अर्धं नाही.

“मीच पुसते. सगळं मीच करते. तू बस जावयाची मनधरणी करत.”

जावई म्हणजे ससा. हे नाव धाकटीनंच ठेवलेलं, टोमणा म्हणून. घरात खरा जावई कधी आला नाही, काजताईनं लग्न केलं नाही, तर हा आला आणि याचेच लाड सुरू झाले. काजताईला ते नाव आवडलं. ती त्याला सरळ तशीच हाक मारायला लागली. टोमणा फुकट गेला, त्याचाही धाकटीला राग.

शेवटी काजताईनं त्याला बाहेर काढला. छातीखाली एक हात, बुडाखाली एक हात. टॉवेलात गळ्यापर्यंत गुंडाळला, छोट्या स्टुलावर बसली, मांडीत घेतला. त्यानं तोंड असं घट्ट मिटलेलं, जसं काही कुलूप लावलंय. काजताईनं चष्मा नाकावर घेतला आणि धाकटीकडे मागनं नीट बघितलं.

“गणवेश उसवलाय का गं तुझा मागनं? का तूच सुटलीयस?”

झालं, धाकटी पेटली. दिवसभर वाफेत उभी राहते, एका जागी बसून सुई ओढत नाही, अंगावर काय चढणार, कप्पाळ? आणि चढलं तर चढलं, कुणाच्या बापाचं खाते? सशाला वजनकाटा येतो घरपोच, बहिणीचा गुडघा सुजून भोपळा झालाय, विचारलंस का एकदा तरी? एक का दोन. तोंडाचा पट्टा सुटला तो सुटलाच.

“बरं, झालं,” काजताई मधेच म्हणाली.

ही तिची सवय. धाकटी रंगात आली की नेमकी ही म्हणणार, झालं. म्हणजे आता पुरे, बंद कर. धाकटीच्या अंगाचा अगदी तिळपापड व्हायचा त्या एका शब्दानं. तिनं डबा उचलला, चहा न घेता निघाली. येते पण म्हणाली नाही. दार आपटलं.

अकराला टेलरमास्तरांचा फोन आला लाँड्रीत, धाकटीच्या कामावर. काजताई तयार शर्ट घेऊन त्यांच्या दुकानात गेली होती, काउंटरला टेकली, पाणी मागितलं, आणि पाणी येईपर्यंत खाली बसली ती बसलीच. धाकटी दवाखान्यात पोचली तेव्हा सगळं संपलं होतं. दवाखाना पण तोच, जिथली लाँड्री. तिनंच धुतलेली, इस्त्री केलेली चादर काजताईच्या अंगावर होती. कोपऱ्यावरचा शिक्का बघून तिला कळलं, ही परवाच्या गठ्ठ्यातली.

आता काजताई कोण, ते सांगायला पाहिजे. ती शर्टांना हातानं काजं करायची. काज म्हणजे बटण जातं ते भोक. मशीनची काजं निघाली तरी दोन टेलर तिच्याकडेच कपडे पाठवायचे, भारी कोट, लग्नाचे शर्ट. आधी अंगठ्याच्या नखानं खूण, मग छोट्या कात्रीनं चीर, मग मेण लावलेल्या दोऱ्यानं काठाकाठानं टाके, असे शेजारी शेजारी की मुंगी जायला जागा नको. वयाच्या पंधराव्या वर्षापासून एकसष्टाव्यापर्यंत तेच. आई गेली तेव्हा धाकटी चार वर्षांची होती. मग काजताईच आई, काजताईच बाप. धाकटी औषध घ्यायची नाही, तर दोन गुडघ्यांत धरून, नाक दाबून चमचा आत. रडायला पण वेळ नाही, कोटाची काजं पडलेली.

पुढे धाकटीचं लग्न झालं. नवरा तीन वर्षांनी कुठे निघून गेला कुणाला ठाऊक नाही. ती परत आली त्याच दोन खोल्यांत, आणि वीस वर्षं दोघी एकमेकींवर खेकसत सुखानं राहिल्या. धाकटीचा आवाज मोठा. लाँड्रीत धुण्याची मोठमोठी मशीन चालतात, ओरडल्याशिवाय शेजारच्या बाईला ऐकू जात नाही. मग घरी आली तरी आवाज तिथंच अडकलेला. खालच्या मजल्यावरचे म्हणायचे, तुमच्या घरातल्या बातम्या आम्हाला रेडिओ न लावता कळतात.

ससा आला तीन वर्षांपूर्वी. एक गिऱ्हाईक घर बदलत होतं, म्हणालं दोन दिवस ठेवा. ते दोन दिवस अजून संपलेले नाहीत. पहिलं वर्ष बरं गेलं. मग त्यानं धाकटीच्या चपलेचा पट्टा खाल्ला. काजताईनं काय करावं? पट्टा शिवून दिला आणि सशाला विचारलं, “कडू लागला का रे?” धाकटीच्या डोळ्यात तो तेव्हापासून खुपायला लागला. कोटाच्या अस्तराच्या तुकड्यांची त्याला गादी शिवली, मऊ, रेशमी. धाकटीच्या उशीला अभ्रा नव्हता. तो बसायचा खिडकीतल्या उन्हात, तिथं पूर्वी धाकटीची खुर्ची होती.

सवतीमत्सर म्हणतात ना, तसलंच ते. सांगायची पण चोरी. पन्नाशीची बाई, आणि सशावर जळते? पण जळत होती. रोज, दोन वेळा, औषधाच्या वेळेला.

औषध आठ महिन्यांपूर्वी सुरू झालं. त्याचा गाल सुजला, खाणं सुटलं. जनावरांच्या डॉक्टरांनी बघितलं, म्हणाले दाताच्या मुळाशी पू आहे, वय झालंय, कापाकापी नको. सकाळ-संध्याकाळ औषध, कदाचित जन्मभर. एक वेळ चुकली तर चालेल, दोन-चार दिवस चुकलं तर गाल परत वर येणार, आणि ससा दोन दिवस उपाशी राहिला की गेलाच म्हणा. औषध पांढरं आणि भयंकर कडू. काजताईनं स्वतः चाटून बघितलं होतं. धाकटीची गोळी कधी चाटून नाही बघितली.

द्यायचं कसं ते जनावरांच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरनं शिकवलं. सशाच्या पुढच्या दातांच्या मागे बाजूला एक मोकळी जागा असते, तिथनं सिरिंज आत सरकवायची. समोरनं ढकललं तर दात लावतो. काजताईनं बघितलं आणि म्हणाली, “अहो, हे काजच की. बटण पण सरळ ढकललं तर जात नाही, तिरकं धरावं लागतं.” कंपाउंडर हसला. आणि मग दर रविवारी चारला वजनकाटा पिशवीत घालून घरी यायला लागला. म्हणे सशाचं वजन बघायला. वाळकुडा माणूस, बायको जाऊन दहा वर्षं झालेली, बोलणं एवढं हळू की कान पुढे करावा लागतो. तो नेमका धाकटीच्या खुर्चीवर बसायचा. काजताई त्याच्याशी बोलताना तोंडावर हात धरून हसायची. धाकटी खोलीत आली की दोघं गप्प.

“काय चाललं होतं?” धाकटी विचारायची.

“काही नाही, सशाचं.”

सशाचं म्हणे. सशाचं काय एवढं कुजबुजायचं असतं? धाकटीनं मनात ठरवून टाकलं, साठीला बाईला थेरं सुचली. एकदा बोलली पण तसं. काजताई एवढी हसली की हातातली सुई खाली पडली, आणि ती शोधण्यात तो विषय राहूनच गेला.

मधे धाकटीला चार दिवस ताप होता. संध्याकाळी सातला काजताई आधी सशाला औषध द्यायची, मग हिला गोळी.

“तो आधी?” धाकटी अंथरुणातनं म्हणाली.

“तुला बोलता येतं. त्याला येतं का?”

“मी बोलते ते ऐकतं कोण या घरात?”

काजताई सशाचं तोंड पुसत बसली.

तर आता ती काजताई नव्हती, आणि संध्याकाळचे सात वाजत आले होते. येणारीजाणारी माणसं येऊन गेली होती. धाकटी भिंतीला टेकून बसली होती, आणि ससा कपाटाखालनं बाहेर येऊन खोलीच्या मधोमध बसला होता, जसा काही कुणाची वाट बघतोय. धाकटी उठली. बाटली हलवली, सिरिंज भरली, त्याला टॉवेलात घेतला. त्यानं तोंड मिटलं. तिनं तिरकं धरलं, काजताई धरायची तसंच. आठ महिने रोज दोनदा डोळ्यांत तेल घालून बघितलेलं होतं तिनं, काही चुकत नव्हतं. तरी तोंड उघडेना. त्यानं मान झटकली, औषध तिच्या मनगटावर. मागच्या पायानं एक लाथ, पोटावर हा एवढा ओरखडा.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी अर्धं गेलं वाटतं, पण ते त्यानं फुर्र करून बाहेर टाकलं. धाकटी एक शब्द बोलली नाही. तिचा आवाजच गेला होता. बसला नव्हता, गेला होता. कामावर रजा टाकली होती, घरात बोलायला कुणी नाही, आणि बोलणार तरी काय? खालच्या मजल्यावरच्या बाईनं वर येऊन विचारलं, तुम्ही आहात ना घरात, काही ऐकूच येत नाही. धाकटीनं मान हलवली.

चौथ्या दिवशी गाल सुजलेला दिसला. पाचव्या दिवशी त्यानं कोबीचं पान हुंगलं आणि सोडून दिलं. धाकटी त्याच्यासमोर जमिनीवर बसली. तिला वाटलं, तुला तीच पाहिजे. मी नको. मला पण तीच पाहिजे होती, पण तिनं तुलाच घेतलं मांडीवर. आणि आता तू पण तिच्यामागे निघालास. तिथं पण तुम्ही दोघं, आणि मी इथं. एवढं सगळं मनात आलं, तोंडातनं काही आलं नाही.

सहाव्या दिवशी रविवार होता. चारला कंपाउंडर आला. एका हातात वजनकाट्याची पिशवी, दुसऱ्या हातात झाकणाची टोपली. आत आला, उभाच राहिला, खुर्चीवर बसला नाही.

“फार वाईट झालं,” तो म्हणाला. मग सशाकडे बघून म्हणाला, “औषध जात नाहीये ना?”

धाकटीनं मान हलवली.

“मी नेतो त्याला. काजताई म्हणाल्या होत्या, मला काही झालं तर तुम्ही बघा एखादे वेळी.”

धाकटीनं वर बघितलं, नुसते ओठ हलले.

“कुणाला म्हणाली?”

“मला.”

“तुम्हाला म्हणाली?” आणि सहा दिवस गेलेला आवाज एकदम परत आला. “तुम्हाला? तुम्ही कोण? मी वीस वर्षं तिच्या उशाशी झोपते, आणि सांगायचं तुम्हाला? मला काही झालं तर! म्हणजे तिला कळत होतं काही होतंय, छातीत दुखत होतं, आणि ते पण तुम्हालाच सांगितलं असेल! मी काय मेले होते? मी घरात राहते का धर्मशाळेत? रविवारी यायचं, माझ्या खुर्चीत बसायचं, खुसुखुसु करायचं, मी आले की गप्प! काय बोलत होता एवढं, ऐकू दे मला पण! टोपली घेऊन आलात! जावयाला न्यायला आलात! मला विचारलंत?”

ससा उठून बसला होता. दोन्ही कान धाकटीकडे वळलेले, अगदी ताठ, अंग दगडासारखं स्थिर. कंपाउंडर सावकाश खाली बसला. जवळच भरून ठेवलेली सिरिंज घेतली, एका हातानं सशाला पोटाशी धरला, तिरकी सरकवली, दाबली. ससा गिळत होता आणि धाकटीचं ऐकत होता.

“झालं,” कंपाउंडर म्हणाला.

धाकटी बोलता बोलता थांबली. तोच शब्द, तसाच, तसाच मधे.

“काय झालं?”

“औषध झालं,” तो म्हणाला. “तुमचा आवाज चालू असला की तो तोंड आवळत नाही. सगळं लक्ष कानात जातं त्याचं. काजताईंना दुसऱ्याच दिवशी कळलं ते. तुम्ही कामावर असताना एकदा प्रयत्न केला त्यांनी, नाही घेतलं. तुम्ही आलात, बोलायला लागलात, लगेच घेतलं.”

“घाबरतो का मला?”

“घाबरला असता तर पळाला असता. ऐकतो.”

धाकटी मटकन खुर्चीत बसली. आठ महिने, दिवसातनं दोनदा. गणवेश उसवलाय का. मीठ जास्त झालंय. तुझा डबा वास मारतो. तुझे पाय किती आपटतात. प्रत्येक वेळी ती पेटली होती, आणि प्रत्येक वेळी त्या बाईनं तिच्याकडे न बघता सिरिंज दाबली होती.

“म्हणजे माझ्याशी भांडायची ती याच्यासाठी,” ती म्हणाली. “भांडण पण माझं नव्हतं. ते पण यालाच दिलं तिनं.”

कंपाउंडर सशाचं तोंड पुसत बसला. मग म्हणाला, “तेच बोलायचो आम्ही रविवारी. विषय शोधावे लागायचे ना त्यांना. काजं करता करता ठरवून ठेवायच्या. मला विचारायच्या, आज डब्याचं काढू का? मी म्हणायचो, ते मंगळवारी झालं. चालण्याचं काढा.”

“तुम्ही दोघं मिळून मला चिडवत होता!”

“मी फक्त ऐकायचो हो. एकदा मी एक विषय सुचवला तर माझ्यावर चिडल्या.”

“कुठला?”

तो सिरिंज पुसायला लागला. धाकटीनं परत विचारलं, मोठ्यानं.

“मी म्हटलं, त्यांच्या यजमानांचं काढा, त्याच्यावर दहा मिनिटं बोलतील. तर म्हणाल्या, तो विषय नाही. ते तिला खरंच लागतं.”

धाकटीनं मागचे आठ महिने डोळ्यांसमोर आणले. दोनशेचाळीस दिवस धरा, दोन वेळा. त्यात तिच्या रंगापासून तिच्या घोरण्यापर्यंत सगळं निघालं होतं. नवरा एकदाही निघाला नव्हता. ती रडली, पण जास्त नाही. समोर कंपाउंडर बसलेला होता, आणि त्याच्यासमोर तिला रडायचं नव्हतं. तो होता रविवारच्या रविवारी सगळं ऐकायला, ती नव्हती. हे काही तिच्या मनातनं जात नव्हतं, आणि जाणार पण नव्हतं.

कंपाउंडरनं टोपलीचं झाकण उघडलं.

“ठेवा त्याला खाली,” धाकटी म्हणाली.

“तुम्हाला जमेल का? धरायचं पण, बोलायचं पण…”

“बोलायला मला कुणी शिकवायला नको.”

तो रिकामी टोपली घेऊन गेला.

पण वाटलं तेवढं सोपं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी, परत कामावर निघायच्या आधी, तिनं ससा मांडीत घेतला आणि बोलायला तोंड उघडलं, तर कुणाशी बोलणार? सशालाच रागवून बघितलं, “ए, घे की मुकाट्यानं.” तेवढ्यानं काय होतंय. सिरिंजकडे बघितलं की बोलणं थांबायचं, आणि बोलायला लागली की हात थांबायचा. काजताईला दोन माणसं होती त्या कामाला. हिला दोन्ही कामं एकटीनं.

मग तिनं काजताईशीच भांडण काढलं. दार लावून, खिडकी लावून. म्हणाली, बाई, तू एवढी हुशार होतीस तर मला सांगायला काय झालं होतं? मी काय नाही म्हटलं असतं? म्हटलं असतं, बरं, म्हटलं असतं नाही, पण मग तू समजूत काढायची होतीस, तुला याची समजूत काढायला वेळ होता. आणि छातीत दुखत होतं तर त्या वाळकुड्याला सांगतेस? तुझी काजं कोण करणार आता, तो करणार? टेलरमास्तर परवा विचारत होते… आणि बोलता बोलता हात आपोआप सरकला, तिरका. अर्धं सशाच्या पोटात, अर्धं गणवेशावर. तिनं तेवढ्यावर भागवलं नाही, राहिलेलं भांडण पूर्ण केलं. ससा बसून होता.

संध्याकाळी पाऊण गेलं, आणि त्यानं पानाची कड कुरतडली. बुधवारपर्यंत सगळं जायला लागलं. गुरुवारी त्यानं कोबीचं पान देठासकट खाल्लं. खालच्या मजल्यावरची बाई जिन्यात भेटली तर म्हणाली, “बरं वाटलं हो आवाज ऐकून. पण भांडता कुणाशी?” धाकटी म्हणाली, “आहे एक.”

मग पुढचा रविवार. चारला कंपाउंडर काटा घेऊन आला. धाकटी आधीच खुर्चीवर बसलेली, म्हणून तो स्टुलावर बसला. सशाला काट्यावर ठेवला. वजन भरलं.

“वाढलंय,” तो म्हणाला. “चांगलं वाढलंय. काय बोलता हो तुम्ही त्याच्याशी?”

“त्याच्याशी नाही बोलत.”

“मग कुणाशी?”

“ते आमच्यातलं आहे.”

तो हसला. चहा झाला. पाच वाजले, साडेपाच झाले, तो काही उठेना. काजताईच्या गोष्टी सांगत बसला, सुई पडली ती, औषध चाटून बघितलं ती. धाकटीनं ऐकल्या, त्यातल्या दोन तिला माहीत नव्हत्या, त्या तिनं मनात नीट ठेवून घेतल्या. साडेसहाला तो म्हणाला, “आज माझ्यासमोरच द्या की औषध. धरताय कसं ते बघतो.”

“धरते मी बरोबर.”

“नाही, पण एकदा बघितलं असतं…”

धाकटी उठली. काटा उचलून पिशवीत घातला, पिशवी त्याच्या हातात दिली.

“रविवारी या,” ती म्हणाली. “वजनाला.”

दार लावून ती दाराशीच उभी राहिली. जिन्यावरची पावलं खाली गेली, खालचा दरवाजा उघडला, लागला. मग तिनं बाटली हलवली, सिरिंज भरली, आणि सशाला टॉवेलात घेत म्हणाली, “बाई, तुझा तो कंपाउंडर किती वेळ बसतो गं!”